लाडपाल माझा, भिंत सगळ्यांची: व्हीव्हीईच्या इमारतीत गाडी चार्ज करण्याचा हक्क

 

आजचा विषय जरा कोरडा वाटेल, पण आपल्यापैकी अनेकांच्या घरात तो तापलेला आहे. ऑफिसनं लीज गाडी इलेक्ट्रिकच घ्यायला सांगितलेली असते. गाडी येते, देखणी असते, मुलं खूष असतात. इमारतीखाली आपली हक्काची पार्किंगची जागाही असते, चांगले पैसे मोजून घेतलेली. आणि मग कळतं की त्या जागेशेजारच्या भिंतीवर चार्जिंगचा डबा लावायचा, तर ती भिंत आपली नाही. भिंत सगळ्यांची आहे. मग गाडी खाली तळघरात झोपते आणि आपण रात्री साडेदहाला पावसात तिला बाहेर काढून रस्त्यावरचा मोकळा लाडपाल शोधत फिरतो. लाडपाल म्हणजे चार्जिंगचा खांब. हा शब्द मराठीच वाटतो, म्हणून तो आपण तसाच ठेवू.

हे मी स्वतः केलं आहे, एक अख्खा हिवाळा. आमच्या आम्स्टलफेनच्या इमारतीत मी अर्ज केला आणि तो तीन मिनिटांत बाजूला ठेवला गेला. त्या वेळी मला फार राग आला होता. आज मागे वळून पाहताना वाटतं की नकार देणाऱ्यांची निम्मी बाजू खरी होती आणि माझा अर्ज पूर्ण कच्चा होता. म्हणून आज हक्क काय आहे हे तर सांगतोच, पण तो मागायचा कसा हेही सांगतो.

सुरुवात मुळापासून करू. व्हीव्हीई म्हणजे फेरेनिखिंग फान एखनारेन, घरमालकांची संघटना. इथे फ्लॅट घेतला की तुम्ही आपोआप तिचे सभासद होता. व्हायचं की नाही हा पर्यायच नाही, कायदाच तसा आहे. आपल्याला हे सोसायटीसारखं वाटतं, पण एक फरक लक्षात घ्या. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण सोसायटीत साधारणपणे इमारत सोसायटीच्या मालकीची असते आणि आपण सभासद म्हणून त्यात राहतो. इथे संपूर्ण इमारत सगळ्या मालकांची एकत्र असते आणि प्रत्येकाला आपापला भाग वापरण्याचा स्वतंत्र हक्क असतो. पुण्यात ज्यांचं घर १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या इमारतीत आहे, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. थोडक्यात, छत, जिना, मुख्य वीजजोडणी आणि तळघराच्या भिंती यांत तुमचाही वाटा आहे आणि वरच्या मजल्यावरच्या आजींचाही.

आता पहिलं काम. तुमची पार्किंगची जागा नेमकी कोणत्या प्रकारची आहे ते शोधा. तीन शक्यता असतात. एक, जागा हा स्वतंत्र अपार्टमेंट-हक्क आहे, म्हणजे कागदोपत्री तुमच्या नावावर नोंदलेला वेगळा तुकडा. दोन, जागा सामाईक आहे, पण ती वापरायचा हक्क फक्त तुम्हाला दिलेला आहे. तीन, जागा सगळ्यांची आहे आणि जो आधी येईल तो गाडी लावेल. पहिल्या प्रकारात तुमची बाजू सर्वांत भक्कम असते, तिसऱ्यात सर्वांत कमकुवत. पण पहिल्या प्रकारातही केबल मीटरच्या खोलीपासून तुमच्या जागेपर्यंत सामाईक भागातूनच येणार. त्यामुळे परवानगीचा प्रश्न बहुतेक वेळा उभा राहतोच.

हे सगळं ज्या दस्तात लिहिलेलं असतं त्याला स्प्लिट्सिंग्स-आक्ते म्हणतात, म्हणजे इमारतीच्या विभाजनाचं खरेदीखतासारखं कागदपत्र. घर घेताना नोटरीनं ते दिलेलं असतं आणि आपण ते न वाचता कपाटात ठेवलेलं असतं. सापडलं नाही तर काडास्टर, म्हणजे इथल्या भूमी अभिलेख कार्यालयातून थोडं शुल्क भरून मिळतं. त्यात एका नमुना-नियमावलीचा उल्लेख असतो: १९७३, १९८३, १९९२, २००६ किंवा २०१७ ची. हे वर्ष लिहून ठेवा, कारण सभेत किती मतं लागतील हे त्यावर ठरतं. १९९२ आणि २००६ च्या नमुन्यात, देखभालीपलीकडचा खर्च संघटनेनं करायचा असेल तर दोन-तृतीयांश मतं लागतात. तीही अशा सभेत, जिथे एकूण मतांपैकी दोन-तृतीयांश मतं हजर आहेत, प्रत्यक्ष किंवा मुखत्यारपत्रानं. तुमच्या दस्तात यात बदल केलेला असू शकतो, म्हणून स्वतःचा कागद वाचा. शेजारच्या इमारतीचा नियम तुमच्या कामाचा नाही.

इथे एक फरक फार महत्त्वाचा आहे. “संघटनेनं सगळ्यांसाठी चार्जिंगची व्यवस्था उभारावी” ही मागणी खर्चाची आहे, तिला मोठं बहुमत लागतं. “मी माझ्या पैशानं माझा पॉइंट लावतो, मला परवानगी द्या” ही मागणी वेगळी आहे. तिला अनेकदा साधं बहुमत पुरतं. अर्जात आपण नेमकं काय मागतोय हे स्पष्ट नसेल तर दोन्ही हातचं जातं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. नेदरलँड्सच्या नागरी संहितेत, पाचव्या ग्रंथात, कलम १२१ आहे. त्याचा अर्थ असा: सामाईक भागात काही करण्यासाठी तुम्हाला इतर मालकांची किंवा संघटनेची परवानगी हवी आहे आणि ती वाजवी कारणाशिवाय नाकारली गेली किंवा कोणी उत्तरच देत नाही, तर कांतोनरेख्तर, म्हणजे स्थानिक न्यायाधीश, त्या परवानगीच्या जागी स्वतःची परवानगी देऊ शकतो. “वाजवी कारण” हे शब्द नीट ऐका. इलेक्ट्रिक गाडी चांगली की वाईट, हे न्यायाधीश ठरवत नाही. नकार देणाऱ्यांकडे वाजवी कारण होतं का, एवढंच तो पाहतो. “आम्हाला आवडत नाही” हे कारण टिकणं कठीण. “यानं वीज कुठून घेणार, केबल कुठून नेणार, विमा कंपनी काय म्हणते, यातलं काहीच सांगितलेलं नाही” हे कारण चांगलंच टिकतं.

याच्या वर आता युरोपचा थर आला आहे. इमारतींच्या ऊर्जा-कार्यक्षमतेविषयीचा युरोपीय निर्देश, क्रमांक २०२४/१२७५, हा २८ मे २०२४ रोजी अमलात आला. त्याचं कलम १४ आपल्या कामाचं आहे. ते सदस्य देशांना सांगतं की निवासी इमारतीत स्वतःच्या वापरासाठी चार्जिंग पॉइंट लावण्यातले अडथळे दूर करा, विशेषतः घरमालकाची किंवा सहमालकांची संमती घेण्याची अट. भाडेकरूची किंवा सहमालकाची विनंती नाकारायची असेल तर गंभीर आणि रास्त कारण हवं. म्हणजे सिद्ध करण्याचं ओझं हळूहळू मागणाऱ्याकडून नाकारणाऱ्याकडे सरकतं आहे. भाडेकरूंचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे. आपल्यातले बरेच जण अजून भाड्याच्या घरात आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण उत्साहाच्या भरात एक चूक करू नका. युरोपचा निर्देश हा सरकारांना दिलेला आदेश असतो. तो राष्ट्रीय कायद्यात आणण्यासाठी देशांना २९ मे २०२६ ही मुदत दिलेली आहे. सभेत उभं राहून “युरोपनं मला हक्क दिलाय” असं सांगून संघटनेला बांधता येत नाही. डच कायद्यात काय लिहिलं आहे, ते अर्ज करायच्या दिवशी ताजं वाचा. मात्र मुदत उलटल्यावर न्यायाधीशानं देशाचा कायदा शक्य तितका निर्देशाशी सुसंगत असा लावायचा असतो. म्हणून अर्जात कलम १४ चा उल्लेख एका ओळीत जरूर करा.

शेजारी देश यात पुढे गेलेले आहेत. जर्मनीत १ डिसेंबर २०२० पासून फ्लॅटमालकाला चार्जिंगची सोय मागण्याचा हक्क कायद्यानंच आहे. ती कशी करायची हे संघटना ठरवते, पण मागणी सरसकट फेटाळू शकत नाही. स्पेनमध्ये २००९ पासून स्वतःच्या जागेत पॉइंट लावायला संघटनेला फक्त आधी कळवावं लागतं. फ्रान्समध्येही “प्लगचा हक्क” या नावानं अशी तरतूद आहे. भारतात केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा दिली. तरी ठाण्या-पुण्यात कमिटीच्या ना-हरकत पत्रासाठी चकरा मारणारे आपलेच भाऊबंद आहेत. प्रश्न सगळीकडे एकच आहे: भिंत सामाईक आणि गरज एकाची.

आता माझ्या फेटाळलेल्या अर्जाकडे येतो. मी काय केलं होतं? एका परिच्छेदाचा ईमेल आणि सोबत इलेक्ट्रिशियनचं कोटेशन. सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर विषय घालायची मुदत मला माहीतच नव्हती, म्हणून तो शेवटच्या “रोंडफ्राख” मध्ये, म्हणजे ऐनवेळच्या प्रश्नांमध्ये गेला. तिथे ठराव होत नाही, नुसती चर्चा होते. आणि चर्चेत वरच्या मजल्यावरच्या एका आजींनी तीन प्रश्न विचारले. आग लागली तर काय? तुझ्या गाडीच्या विजेचं बिल मी का भरू? आणि उद्या आणखी दहा जणांना हवं असेल तर? एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात खोल होता. तो आकड्यांत समजून घेऊ.

समजा इमारतीच्या सामाईक कामांसाठी, म्हणजे लिफ्ट, दिवे, गॅरेजचं दार यांसाठी, ३ गुणिले ३५ अँपिअरची जोडणी आहे. तिची क्षमता साधारण २४ किलोवॅट. तीन-फेज, १६ अँपिअरवर चालणारी एक गाडी ११ किलोवॅट खेचते. दोन गाड्या एकदम लागल्या की २२ किलोवॅट गेले आणि लिफ्टसाठी जवळजवळ काही उरलं नाही. म्हणजे जो पहिला येईल तो घेईल, दुसरा घेईल आणि तिसऱ्याला “क्षमता संपली” असं ऐकावं लागेल. मी माझी एकट्याची केबल टाकली असती, तर उद्याच्या दहा जणांच्या वाटणीचं मी आजच संपवायला सुरुवात केली असती. आजींना ते आकडेमोड न करता दिसलं होतं.

आता तेच गणित दुसऱ्या बाजूनं करा. वीस गाड्या आहेत. प्रत्येक गाडी दिवसाला ४० किलोमीटर चालते आणि १०० किलोमीटरला २० युनिट घेते. म्हणजे गाडीमागे रोज ८ युनिट, वीस गाड्यांना मिळून १६०. रात्रीचे १० तास मिळाले तर सरासरी १६ किलोवॅट. प्रत्येकाला पूर्ण ताकदीनं एकाच वेळी द्यायचं तर २२० किलोवॅट लागतील, वाटून दिलं तर १६ पुरतील. या वाटपालाच लोड बॅलन्सिंग म्हणतात. एक छोटं यंत्र सतत पाहत असतं की इमारतीत आत्ता किती वीज शिल्लक आहे, आणि तेवढीच गाड्यांमध्ये वाटतं. लिफ्ट सुरू झाली की गाड्यांचा वेग कमी होतो. सकाळी सगळ्यांच्या गाड्या भरलेल्या असतात. पंगतीत वाढप्या जसं हात राखून सगळ्यांना पुरवतो, तसंच.

हे वाटप नेदरलँड्समध्ये आणखी महत्त्वाचं आहे, कारण इथल्या वीजजाळ्यावर ताण आहे. नेटकॉन्जेस्ती हा शब्द बातम्यांत रोज ऐकता. ३ गुणिले ८० अँपिअर, म्हणजे साधारण ५५ किलोवॅटपर्यंतची जोडणी छोट्या ग्राहकाची समजली जाते. त्यापुढे मोठा ग्राहक, वेगळे दर, आणि अनेक भागांत लांब रांग. म्हणून आहे त्या जोडणीत वाटून भागवणं हा बहुतेक इमारतींसाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग.

वीज आणायचे रस्ते दोन. एक, तुमच्या घरच्या मीटरवरून केबल खाली आणायची. बिल आपोआप तुमचं, पण सातव्या मजल्यावरून केबल आणायची तर भोकं, खर्च आणि प्रत्येकाची वेगळी केबल. दोन, सामाईक जोडणीवरून एक मुख्य केबल गॅरेजमध्ये फिरवायची आणि ज्याला हवं त्यानं आपल्या खर्चानं त्यावर आपला पॉइंट जोडायचा. प्रत्येक पॉइंटमध्ये प्रमाणित मीटर असतो. दर महिन्याला ज्याचे युनिट त्याच्या नावावर निघतात आणि संघटनेला पैसे परत मिळतात. आजींच्या दुसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर. लीज गाडीवाल्यांना तर अशी मोजणी लागतेच, कारण ऑफिसकडून घरच्या चार्जिंगचे पैसे त्यावरच मिळतात.

राहिला आगीचा प्रश्न. तो हसण्यावारी नेऊ नका. बॅटरीची आग विझवायला जास्त वेळ आणि जास्त पाणी लागतं, हे खरं आहे. पण सगळ्यात धोकादायक काय, तर परवानगी नाही म्हणून भिंतीतल्या साध्या सॉकेटला एक्स्टेंशन लावून रात्रभर गुपचूप चार्ज करणं. ते कृपा करून कोणी करू नका. योजनेत लिहा: पक्के बसवलेले चार्जिंग पॉइंटच वापरायचे, काम नेन १०१० या विद्युत मानकाप्रमाणे मान्यताप्राप्त इन्स्टॉलरकडून करायचं, सगळे पॉइंट एकदम बंद करणारं बटण अग्निशमन दलाला सापडेल अशा जागी ठेवायचं, आणि शक्य तिथे गाड्या गॅरेजच्या दाराजवळ. त्याचबरोबर इमारतीच्या विमा कंपनीला काम सुरू होण्याआधी लेखी कळवा आणि तिचं लेखी उत्तर अर्जाला जोडा. त्या एका कागदानं सभेतली अर्धी भीती कमी होते.

आता सभेची तयारी. पहिलं, विषय मुदतीत आणि लेखी द्या, ठरावाच्या नेमक्या शब्दांसह, डच भाषेत. आपली डच मोडकी असेल तर कुणाकडून तपासून घ्या, पण मजकूर एका पानाच्या वर नको. दुसरं, थेट खर्च मागू नका. आधी फक्त तज्ज्ञाचा अहवाल मागा. सरकारच्या आरव्हीओ या संस्थेकडून व्हीव्हीईंसाठी जी अनुदान योजना चालते, तिच्यात चार्जिंगविषयीच्या सल्ल्यासाठीही मदत मिळते. चालू अटी त्यांच्याकडे पाहून घ्या. तिसरं, फोल्माख्त गोळा करा. फोल्माख्त म्हणजे मुखत्यारपत्र. आपल्याच इमारतीतले चार भारतीय शेजारी सभेला येत नाहीत, “ते डचमध्ये असतं, कंटाळा येतो” म्हणतात. त्यांची मतं कपाटात पडून राहतात. कोरम भरला नाही तर साधारणपणे दुसरी सभा बोलावता येते आणि तिथे कोरमची अट नसते, पण त्यात महिने जातात. चौथं, सभेआधी शंका असलेल्या लोकांकडे जाऊन चहा-कॉफी घ्या. सभेत कोणी मत बदलत नाही, स्वयंपाकघरात बदलतं.

एवढं करूनही नकार आला तर? इतिवृत्त, म्हणजे नोट्यूलन, मागून घ्या आणि नकाराचं कारण लेखी घ्या. मग तारीख मोजा. ठराव रद्द करून घ्यायचा असेल तर पाचव्या ग्रंथाचं कलम १३० लागतं आणि त्याला फक्त एक महिन्याची मुदत आहे. ती ठराव तुम्हाला कळला किंवा कळू शकला असता, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. आपण “पुढच्या सभेत बघू” म्हणतो आणि तो महिना जातो. त्यासोबत कलम १२१ खाली पर्यायी परवानगीही मागता येते. कांतोनरेख्तरपुढे वकील सक्तीचा नाही. घरात कायदेशीर मदतीचा विमा असेल तर आधी त्यांना फोन करा. पण न्यायालय हा शेवटचा दरवाजा. निकाल लागल्यावरही लिफ्टमध्ये त्याच माणसांना भेटायचं असतं.

आणि ज्यांना स्वतःची जागाच नाही, त्यांनी आपल्या नगरपालिकेकडे विचारावं. अनेक नगरपालिका घराजवळ सार्वजनिक लाडपाल बसवण्याची मागणी स्वीकारतात.

आमच्या इमारतीत पुढच्या वर्षी ठराव मंजूर झाला. या वेळी तो “माझा पॉइंट” असा नव्हता. एक मुख्य केबल, वाटप करणारं यंत्र, आणि ज्याला हवं त्यानं स्वतःच्या पैशानं जोडावं, असा होता. माझी गाडी आता थोडी हळू भरते, कधी पहाटे चारला तिची पाळी येते. मी तेव्हा झोपलेला असतो, त्यामुळे तक्रार नाही. आजींकडे गाडीच नाही, तरी त्यांनी हात वर केला. सभा संपल्यावर मला म्हणाल्या, “गेल्या वर्षी तू तुझ्यासाठी मागत होतास.”

तर मंडळी, या शनिवार-रविवारी एक काम करा. कपाटातलं ते स्प्लिट्सिंग्स-आक्ते बाहेर काढा, जागेचा प्रकार आणि नियमावलीचं वर्ष शोधा, आणि पुढच्या सभेची तारीख कॅलेंडरवर लिहा. गाडी अजून घ्यायची असली तरी चालेल. कागद आधी वाचलेला बरा.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर काळजी घ्या. नमस्कार.